गट निघाला म्हैसमाळला

या कार्यक्रमात आपण एरवी कर्जाच्या हप्त्याचं बोलतो, शेळ्यांच्या लसीचं बोलतो, अंगात रक्त कमी असण्याचं बोलतो. आज आम्ही फिरायला जाण्याबद्दल बोलणार आहोत. देवाला नाही, लग्नाला नाही, दवाखान्यात नाही, लेकीच्या बाळंतपणालाही नाही. नुसतं फिरायला. डोंगर चढायला आणि दुसरीच्या हातचं गरम जेवायला.

आम्ही म्हणजे गंगापूर तालुक्यातल्या एका गावच्या गटातल्या चौदा जणी. गेल्या भादव्यात, गौरी-गणपती उरकल्यावर आणि कापूस वेचणीला हात लागायच्या आधी, आम्ही दोन दिवस वेरूळ, खुलताबाद आणि म्हैसमाळला जाऊन आलो. आल्यापासून इतक्या जणींनी विचारलं, की एकेकीला सांगण्यापेक्षा रेडिओवरच सांगावं असं ठरलं.

थंड हवेचं ठिकाण म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं महाबळेश्वर येतं, माथेरान येतं. ते सिनेमात पाहिलेलं असतं. पण आपल्या मराठवाड्यालाही स्वतःचं थंड हवेचं ठिकाण आहे आणि ते छत्रपती संभाजीनगरपासून फक्त 40 किलोमीटरवर आहे, हे आमच्यातल्या निम्म्या जणींना ठाऊक नव्हतं. म्हैसमाळ समुद्रसपाटीपासून 1,067 मीटर उंच आहे. शहरापेक्षा सुमारे 500 मीटर वर. खाली खुलताबाद, तेही डोंगराच्या पठारावरच वसलेलं, जुन्या वेशी असलेलं गाव. तिथून 12 किलोमीटर चढून गेलं की म्हैसमाळ. आपण जन्मभर शहराच्या बाजारात मिरच्या विकायला जातो, कोर्टात तारखेला जातो, घाटीत पेशंटसोबत जातो, आणि तिथून तासाभरावरचा डोंगर मात्र पाहिलेला नसतो.

आता परवानगीचं सांगतो, कारण खरा चढ तोच होता.

पंढरपूरला जायचं म्हटलं की कुणी अडवत नाही. सासूबाई स्वतःहून म्हणतात, जा बाई, आम्ही बघतो गुरंढोरं. पण ‘म्हैसमाळला जायचंय’ म्हटलं की घरातलं प्रत्येक माणूस एकच विचारतं: कशाला? तिथं काय आहे? एकीला घरून उत्तर मिळालं, ‘बांधाबांधानं रोज चालतेसच की, आणखी कुठं चालायचं राहिलंय?’ दुसरीला जावेनं टोमणा मारला, ‘शाळेच्या पोरांची सहल असते, बाईची कसली सहल?’ एका घरात तर दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. एक सोपा रस्ता होता. खुलताबादला भद्रा मारुती आहे, निजलेल्या रूपातला मारुती, श्रावणातल्या शनिवारी शहरातून रात्रभर चालत माणसं येतात. त्याचं नाव पुढं केलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना होकार मिळाला असता. गटाच्या बैठकीत त्यावर बरीच बोलाचाली झाली. शेवटी ठरलं, की दर्शन तर घेऊच, पण कारण म्हणून मारुतीला पुढं करायचं नाही. आज देवाच्या नावानं गेलो तर पुढच्या वर्षी पुन्हा देव शोधावा लागेल. जे आहे ते सांगायचं: आम्हाला डोंगर बघायचा आहे.

‘बांधाबांधानं चालतेसच की’ याला आमच्यातल्या थोरल्या आईंनी उत्तर दिलं. त्या पंचाहत्तरीच्या पुढच्या आहेत. त्या म्हणाल्या, ‘चाललेय खरं. पण डोक्यावर काही नसताना चाललेय ते कधी, तेवढं सांगा.’ बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. आपण आठवून बघा. हंडा, मोळी, गवताचा भारा, टोपलं, कडेवर पोर. रिकाम्या डोक्यानं आणि मोकळ्या हातानं शेवटचं कधी चाललात?

पैशाचं म्हणाल तर गटाच्या बचतीला आम्ही हात लावला नाही. ती रक्कम कर्जासाठी आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. पाडव्यापासून दर बैठकीला प्रत्येकीनं वीस रुपये वेगळे टाकले, त्याची वेगळी वही केली, आणि ती वही हिशेब पक्का असणाऱ्या बाईकडं दिली. एस.टी.चा खर्च धरला त्याहून कमी आला. 17 मार्च 2023 पासून राज्य परिवहनच्या सगळ्या गाड्यांत बाईला अर्धं तिकीट आहे, हे तर आता सगळ्यांना पाठ आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच नाही, आम्ही गेलो तेव्हा फक्त आधार कार्ड सोबत लागत होतं. थोरल्या आई आठवडाभर ते कार्ड पदराला बांधून हिंडत होत्या.

वार मात्र नीट बघून ठरवा. आमची गटाची बैठक मंगळवारी असते, म्हणून मंगळवारीच निघायचं घाटत होतं. पण वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. रविवारी म्हैसमाळला गाड्यांची रांग लागते आणि पावसाळ्यात तर पाय ठेवायला जागा नसते. म्हणून आम्ही बुधवार-गुरुवार धरला.

पहिला दिवस वेरूळ. तिथं 34 लेणी आहेत, बौद्ध, हिंदू आणि जैन, एकाच डोंगराच्या कडेनं ओळीनं. तिकीट 40 रुपये. सगळी बघायचा हट्ट धरू नका, पाय गळून जातात. आम्ही सोळाव्या क्रमांकाच्या कैलास लेण्यावर जास्त वेळ काढला. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात ते कोरलं. सगळा डोंगर वरून खाली कोरत आणला आहे, कळस आधी आणि पाया शेवटी. त्याची एक आख्यायिका आहे. राजा आजारी पडला तेव्हा राणीनं नवस केला, की राजा बरा झाला तर देऊळ बांधीन, आणि देवळाचा कळस दिसेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. राजा बरा झाला. आता देवळाचा कळस दिसायला तर वर्षानुवर्षं लागणार! तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या शिल्पकारानं युक्ती काढली, वरून कोरायला घेतलं आणि आधी कळसच करून दाखवला. राणी जेवली. आमच्यातली एक लगेच म्हणाली, ‘दुखणं राजाचं आणि उपास राणीचा, तवापासून हेच चाललंय होय!’ शेजारच्या शहरी बाया वळून बघायला लागल्या, इतक्या आम्ही हसलो.

कैलास खालून तर सगळेच बघतात. त्याच्या बाजूनं डोंगरावर चढायला पायवाट आहे. तिथून वर गेलं की सगळं देऊळ खाली खड्ड्यात ठेवल्यासारखं दिसतं, कळस आपल्या पायांच्या पातळीला. आमचा पहिला चढ तो. चपला घालून गेलेल्या दोघींचे पाय मुरूमावरून घसरायला लागले, तेव्हा त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. पायांत बूट पाहिजेत मैत्रिणींनो. पोराच्या शाळेचे जुने बूट मापाचे असतील तर तेच घाला, लाज वाटून घेऊ नका. आणि चढायला नऊवारी फार बरी. कासोटा घातलेल्या आजीबाई भराभर वर गेल्या आणि पाचवारीतल्या सुना निऱ्या सावरत खाली राहिल्या. पंजाबी ड्रेस घालणाऱ्या दोघी होत्या, त्या सगळ्यांच्या पुढं. गावात परत आल्यावर ड्रेसवरून काही बोलणं झालंच, पण ते असो.

भादव्यात एकोणतिसाव्या लेण्याजवळचा धबधबा चालू असतो. येळगंगेचं पाणी कड्यावरून खाली उडी घेतं, त्याला सीतेची न्हाणी म्हणतात. तुषार अंगावर येतात. तिथं शेवाळ आहे, हात धरूनच उभं राहा, आणि फोटोसाठी कडेला जाऊ नका. लेण्यांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात, तिथं धूर करू नये, दगड मारू नये, पोरं सोबत असतील तर त्यांना आधीच दरडावून ठेवा. माकडं पिशवी ओढतात. आमची एक दशमीची पुरचुंडी त्यांनी नेली आणि झाडावर बसून आमच्या देखत खाल्ली. करणारीला राग आला, पण मग तीच म्हणाली, ‘पहिल्यांदा कुणीतरी मीठ कमी आहे असं म्हटलं नाही.’

मुक्काम वेरूळला, एका साध्या निवासात दोन खोल्या. देवाच्या वारीशिवाय घराबाहेर रात्र काढायची आमच्यातल्या नऊ जणींची ही पहिली वेळ. आठ वाजले तरी कुणी ‘वाढ’ म्हणेना. एक बाई सारखी उठून दाराशी जात होती. काय हवंय विचारलं तर म्हणाली, ‘काही नाही, या वक्ताला मी उठतेच.’ रात्री उशिरापर्यंत गप्पा झाल्या, त्यातल्या पुष्कळशा रेडिओवर सांगण्यासारख्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुलताबाद. भद्रा मारुतीचं दर्शन घेतलं. याच गावात मलिक अंबरची कबर आहे, ज्यानं खडकी नावाचं गाव वसवलं आणि पुढं त्याचंच हे एवढं मोठं शहर झालं. बाजारात चहा घेतला आणि म्हैसमाळसाठी दोन काळ्या-पिवळ्या ठरवल्या. भाडं जाता-येताचं आणि थांबण्याचं धरून आधीच बोलून घ्या, वर गेल्यावर बोलायला गेलात तर तुमची बाजू पडती असते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका आणि अद्रक. खुलताबाद, फुलंब्री, कन्नड हा सगळा पट्टा अद्रकाचा. आमच्याकडं कापूस आणि ऊस, त्यामुळं गाडी थांबवून आमच्या बाया अद्रकाचे बेड बघायला उतरल्या. ठिबक किती, बेणं कुठून आणता, सड लागते का, अशी चौकशी सुरू झाली. गाडीवाला कपाळाला हात लावून बसला. त्याला वाटलं असेल, फिरायला आलेल्या बाया झाडापुढं उभं राहून फोटो काढतील.

शेवटचा चढ आम्ही पायी चढलो. गाड्या पुढं पाठवल्या. दोघींचे गुडघे दुखतात, त्या गाडीत बसल्या, थोरल्या आई बसल्या नाहीत. रस्ता वळणावळणाचा आहे, डांबरी आहे, कुणालाही जमेल असा. पण जमण्याची गोष्ट वेगळी आणि चढताना जे होतं ते वेगळं. पहिल्या वळणापर्यंत सगळ्या बोलत होत्या. दुसऱ्या वळणावर दम लागला आणि बोलणं थांबलं. मग नुसते पाय वाजत होते आणि वारा. ढग रस्त्यावर उतरलेला होता, पुढची बाई दिसायची आणि नाहीशी व्हायची. बाजूच्या उतारावर सोनकीची पिवळी फुलं, तेरड्याची जांभळी. कुणीतरी मागून ‘थांबा गं’ म्हटलं आणि आम्ही थांबलो. घरी अशी हाक आली की काम सोडून पळावं लागतं. इथं नुसतं उभं राहायचं होतं, मागची येईपर्यंत.

याच जिल्ह्यातल्या प्रा. मनीषा वाघमारे 2018 साली एव्हरेस्टच्या शिखरावर पोचल्या. त्याच्या आदल्या वर्षी शिखर अगदी थोडं उरलं असताना हवामान बिघडलं म्हणून त्यांना माघारी फिरावं लागलं होतं. आम्ही हे बोलत होतो तेव्हा एकीनं विचारलं, ‘फिरल्यावर घरच्यांनी पुन्हा जाऊ दिलं?’ आम्हाला एव्हरेस्टवर जायचं नाही. पण तो प्रश्न आमच्या मनात राहिला, कारण चढण्याचं, दम लागण्याचं, थंडीचं कुणी विचारलं नाही, परत जाऊ देण्याचंच विचारलं.

वर पठार आहे. टीव्हीचा मोठा मनोरा आहे, गिरिजामातेचं देऊळ आहे, बालाजीचं देऊळ आहे. गिरिजा नदी याच डोंगररांगेतून निघते, पुढं पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. आमच्या तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरीच आहे, तेव्हा हे पाणी लांबून फिरून आपल्याच नदीला जातं, असं आम्ही म्हणत होतो. कड्याच्या बाजूला गेलो तेव्हा ढग फाटला आणि खालचं सगळं एकदम उघडं पडलं: वावरं, तळी, गावं, पत्र्यांवर चमकणारं ऊन. आमच्यातली एक, जिचा आवाज बैठकीतही कुणाला ऐकू जात नाही, तिनं दोन्ही हात तोंडाशी नेऊन मोठ्यानं आरोळी ठोकली. कुणाला हाक मारली, काय म्हणाली, काही नाही. नुसती आरोळी. मग सगळ्याच ओरडल्या. तिथली पोरं हसली. हसू द्या.

कड्याला सगळीकडं कठडा आहे असं समजू नका. ओलं गवत असतं तिथं माती सुटलेली असते. चार पावलं मागंच राहा, दिसतं तेवढंच दिसतं.

आता जेवणाचं. यासाठीच पुष्कळ जणी आल्या होत्या असं म्हटलं तरी चालेल.

आधी कणसं. टपरीवरच्या बाईनं कोळशावर भाजून, लिंबू-मीठ-तिखट चोळून दिली. आमच्यातल्या एकीनं सवयीनं भाव केला. ती बाई शांतपणे म्हणाली, ‘ताई, कोळसा खालून आणते.’ त्यावर पुढं काही बोलता आलं नाही, पूर्ण पैसे दिले. आम्ही पण डोक्यावर टोपली घेऊन बाजारात बसतो, आम्हालाही असेच भाव करणारे भेटतात.

दुपारच्या जेवणाची सोय आम्ही आधीच फोन करून ठेवली होती. डोंगराखालच्या एका वस्तीत एक बचत गट आहे, तिथल्या तिघी जणी सांगितलं तर जेवण करून देतात. पहिल्या दिवशीची शिदोरी घरून न्यायची, दुसऱ्या दिवशी मात्र कुणीही काही बांधून आणायचं नाही, असा आमचा नियम होता. तो पाळायला आम्हाला डोंगरापेक्षा जड गेला. तिघींच्या पिशवीत धपाटे निघालेच.

जेवणाचे ताटाला 150 रुपये ठरले होते. त्यावरून गावात असतानाच वाद झाला होता. ‘भाकरी-कोरड्यासाला दीडशे? घरी काय खातो आपण?’ शंभरवर आणा, असं पाच जणींचं म्हणणं होतं. तेव्हा गटाच्या सचिवताईंनी फळ्यावर मांडायला घेतलं. पीठ, तेल, शेंगदाणे, भाजी, सरपण. ते सगळं मिळून निम्म्याच्याही आत आलं. मग त्या म्हणाल्या, ‘आता चौदा जणींच्या तीस-पस्तीस भाकऱ्या थापायला, चुलीपुढं बसायला, भांडी घासायला तिघींचे किती तास लागतात ते सांगा. आणि खुरपणीचा रोज काय चाललाय तेही सांगा.’ फळ्यावर आकडा वाढत गेला. घरी हाच आकडा कुणी कधी मांडत नाही, म्हणून आपल्याला भाकरी फुकट वाटते. आपणच जर बाईच्या स्वयंपाकाला शंभर म्हटलं, तर प्रदर्शनात आपले पापड मागताना शहरातली बाई ऐंशी म्हणते, तेव्हा तिला कोणत्या तोंडानं बोलायचं? वाद तिथं थांबला. दीडशे ठरले.

जेवण काय होतं ऐका. ज्वारीची भाकरी चुलीवरची. करटुल्याची भाजी, नुसत्या कांद्यावर परतलेली, वर तीळ. करटुली पावसाळ्यातच, आणि ती काट्यात हात घालून वेचावी लागतात. येसराची आमटी, दाट, खाली भाजलेल्या खोबऱ्याचा वास. पाट्यावरचा हिरव्या मिरचीचा ठेचा. शेंगदाण्याची चटणी. ताक. शेवटी सीताफळं, कारण दौलताबादपासून वरपर्यंत या सगळ्या डोंगराला सीताफळीची झाडं आहेत आणि भादव्याच्या शेवटी पहिली फळं डोळे उघडायला लागतात. आश्विनात गेलात तर रस्त्याकडेला टोपल्या घेऊन बाया बसलेल्या दिसतील.

पण खरं सांगायचं ते चवीचं नाही. आम्ही ओळीनं बसलो आणि त्या बायांनी तव्यावरची भाकरी सरळ ताटात टाकली. फुगलेली, वाफ निघणारी. एक संपत आली की दुसरी. आमच्यातल्या एका बाईनं पहिला घास घेतला आणि ती थांबली. म्हणाली, ‘लगीन झाल्यापासून गरम भाकरी ही पहिली.’ आपल्यापैकी किती जणींचं असं आहे? आपण थापतो, शेकतो, वाढतो, मग शेवटी टोपल्यातली खालची, वाफेनं ओली झालेली भाकरी घेऊन बसतो. त्यात कुणी मारून-मुटकून बसवलेलं नसतं, तसंच चालत आलेलं असतं. दुसरी एक सारखी उठत होती, ‘मी भाजते, तुम्ही जेवा’ म्हणत. स्वयंपाक करणाऱ्या मावशी परात बाजूला सरकवून म्हणाल्या, ‘बस खाली. पैसे दिलेत ना? मग बस.’ ती बसली. तिला काही मिनिटं नीट घास उतरला नाही, मग मात्र चार भाकऱ्या खाल्ल्या.

जेवल्यावर त्या तिघींशी बोललो. सुट्टीच्या दिवसांत त्यांच्याकडं शहरातून बऱ्यापैकी माणसं येतात, उन्हाळ्यात कुणी फिरकत नाही. पाणी टँकरचं. संडास एकच, तोही घरचा. हे मुद्दाम सांगतो: डोंगरावर फिरताना बाईला सगळ्यात मोठी अडचण दम लागण्याची नसते, आडोशाची असते. मग बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. आम्ही कुठं संडास आहे ते आधी विचारून थांबे ठरवले होते, आणि पाळीच्या दिवसांत असणाऱ्या दोघींसाठी सामान आणि जुनी वर्तमानपत्रं सोबत होती. वापरलेलं डोंगरावर टाकलं नाही, पिशवीत घालून खाली आणलं. कणसाची पानं म्हशीनं खाल्ली, पण वर पडलेल्या चिवड्याच्या पुड्या आणि बाटल्या कोण खाणार? त्याही म्हशीच खातात, हेच तर वाईट.

या मावशींनी आम्हाला ‘आई’ धोरणाबद्दल विचारलं. आम्ही परत येऊन चौकशी केली ती सांगतो. 2023 साली राज्य सरकारनं बायकांसाठी पर्यटनाचं ‘आई’ नावाचं धोरण आणलं. बाईच्या मालकीचा पर्यटनाचा व्यवसाय असेल, म्हणजे मुक्कामाच्या खोल्या, खानावळ, फिरवून आणण्याची गाडी असं काही, तर त्यासाठी घेतलेल्या 15 लाखांपर्यंतच्या बँकेच्या कर्जावरचं व्याज 12 टक्क्यांच्या मर्यादेत पर्यटन संचालनालय परत देतं. हप्ता वेळेवर भरलेला पाहिजे, व्यवसाय बाईच्या नावावर आणि बाईच चालवत असली पाहिजे, आणि काम करणाऱ्यांतही निम्म्या बाया पाहिजेत. नावावर बाई आणि गल्ल्यावर नवरा, हे चालायचं नाही. कागदपत्रांची यादी पर्यटन संचालनालयाच्या शहरातल्या कार्यालयात मिळते. दोघी-तिघींनी मिळून जा.

जवळ राहणाऱ्यांसाठी आणखी थोडं. कन्नडकडच्या बायांना म्हैसमाळपेक्षा गौताळ्याचं जंगल जवळ पडेल. पैठण-फुलंब्रीकडच्यांना दौलताबादचा किल्ला सोपा, एस.टी. दारातच थांबते. किल्ल्यावर अंधारी म्हणून डोंगरातून कोरलेला काळोखा जिना आहे, शत्रूला चकवायला केलेला. बॅटरी न्या, वाघळं आहेत, घाबरून ओरडायचं नाही. चढ म्हैसमाळपेक्षा खडा आहे, पण शेकडो पायऱ्या चढून बारादरीवर पोचल्यावर येणारा वारा कोणत्याही पंख्याला नाही.

आमच्या घरांचं विचाराल तर दोन दिवसांत कुणाचं काही बुडालं नाही. एका घरी पिठलं करपलं, एका घरी नवऱ्यानं पोरांना हॉटेलातून वडापाव आणून घातला आणि पोरं म्हणाली, आई आणखी एक दिवस गेली तरी चालेल. ज्या घरात दोन दिवस अबोला होता, तिथं अजून थोडा आहे. त्या बाईला परत आल्यावर पहिल्या रात्री कुणी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सासूनं भांडी घासता घासता विचारलं, ‘वर लई वारं असतं का गं?’ पुढच्या सहलीच्या वहीत आता त्या सासूचेही वीस रुपये जमा होतात, घरात कुणाला न सांगता.

येत्या पौषात आम्ही दुसरीकडं जाणार नाही, दुसऱ्यांना बोलावणार आहोत. आमच्या तालुक्यातला हुरडा तुम्हाला माहीत आहे. शहरातली माणसं ताटाला पैसे मोजून तो खायला येतात आणि आजवर तो धंदा रस्त्यावरच्या मोठ्या शेतवाल्यांचा होता. आमच्यातल्या एकीच्या दोन एकरांत हुरड्याची ज्वारी पेरली आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी वसंत’ हे खास हुरड्याचं वाण थोडं आणलं, बाकी घरचीच सुरती. कणीस दुधात असतं तेव्हा आणि पक्कं होतं तेव्हा यांच्यामधले मोजके दिवस हुरड्याचे, म्हणून पेरणी आठ-आठ दिवसांच्या फरकानं केली आहे. गोवऱ्यांची आगटी, हातावर चोळलेला गरम दाणा, सोबत लसणाची चटणी, गूळ, दही, बोरं. दर काय लावायचा ते ठरलेलं आहे आणि त्यात आमचे तास धरलेले आहेत. डोंगराखालच्या त्या तिघी मावशींना पहिल्या दिवशी बोलावलं आहे. त्या दिवशी आगटीजवळ आम्ही बसणार आणि त्या नुसत्या खाणार. त्यांनी फोनवर विचारलं, ‘चटणी आम्ही घेऊन येऊ का?’ आम्ही सांगितलं, काही आणायचं नाही.